फोर-व्हीलचा लिव्हर अडकला होता, ट्रान्सफर केस खोलायची का? (मदत हवी आहे)

पुतण्या

नमस्कार मंडळी,

काका गेल्या वर्षी गेले आणि त्यांची जुनी फोर बाय फोर माझ्याकडे आली. शिडीसारखी चासी, पुढे-मागे पाटे, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक (चाक पुढच्या एक्सलला जोडायची-सोडायची खटकी), डिझेल इंजिन, पाच गिअर आणि गिअरच्या दांड्याशेजारी फोर-व्हीलचा छोटा लिव्हर. तो जिला जोडलेला ती ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की निम्मे प्रतिसाद "ती ठेवलीच कशाला" असे येतात, आणि मला उत्तर हवंय.

झालं असं, की दोन आठवड्यांपूर्वी एका कच्च्या रस्त्यावर चिखल लागला. उतरून दोन्ही हब 'लॉक'वर फिरवले, लिव्हर फोर-एचमध्ये (चारही चाकं, हाय गिअर) टाकला आणि गाडी निघाली की अशी, जणू खाली काही नव्हतंच. खूश होऊन डांबरी रस्त्यावर आलो आणि फोर-व्हील काढायचं विसरलो. तीन-चार किलोमीटर तसाच सरळ आलो. मग एका अरुंद जागी गाडी वळवायला गेलो तर स्टिअरिंग दगडासारखं जड, टायर कुरकुरतायत, आणि गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. थांबलो, लिव्हर ओढला. ढिम्म. दोन्ही हातांनी ओढला तरी हलेना. शेवटी तसाच घरी आलो.

मिस्त्रीला फोन केला. त्याने गाडी न बघताच सांगितलं, "ट्रान्सफर केसचे गिअर गेले, खोलावी लागेल." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडे न्यायला गाडी मागे घेतली, तर खालून खाडकन आवाज आला आणि लिव्हर बोटाने निघाला! तेव्हापासून टू-व्हीलमध्ये व्यवस्थित चालतेय. मिस्त्री अजूनही खोलायचंच म्हणतो.

दुसरा त्रास: साठच्या आसपास, विशेषतः खड्डा लागला की, स्टिअरिंग जोरात थरथरतं. वेग कमी केला की थांबतं. टायर कारण नसावेत, कारण पुढचे दोन गेल्याच महिन्यात नवे टाकलेत. मागचे घासलेत, पण अजून चालतील.

आणि एक राहूनच गेलेला प्रश्न. काका फोर-व्हील काढण्याआधी नेहमी गाडी चार हात मागे घ्यायचे. मला वाटायचं सवय आहे, म्हातारपणी माणसांना असतात तशी. विचारलं नाही कधी. आता तो खाडकन आवाज ऐकल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. याचा काही संबंध आहे का?

चिखलतुडव्या

संबंध आहे, आणि तुमचं उत्तरही तेच आहे. ट्रान्सफर केस खोलू नका, निदान आत्ता तरी. मिस्त्रीला सांगा, आधी गाडी बघ.

तुमच्या गाडीत पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (एक्सलकडे ताकद नेणारा दांडा) फोर-व्हीलमध्ये एकमेकांना घट्ट बांधले जातात. मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. म्हणजे पुढची आणि मागची चाकं समान फिरलीच पाहिजेत. आता गाडी वळवा. पुढची चाकं नेहमी मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात. मागच्या एक्सलचा मध्य सहा मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढतोय आणि दोन्ही एक्सलमध्ये २.४ मीटर अंतर आहे असं धरा. मग पुढच्या एक्सलची त्रिज्या येते जवळजवळ ६.४६ मीटर. एका पूर्ण फेरीत पुढचा एक्सल मागच्यापेक्षा सुमारे तीन मीटर जास्त चालतो, म्हणजे चाकाचा एक वेढा आणि वर थोडं. चिखलात टायर घसरून ते अंतर भरून काढतो आणि तुम्हाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर टायर घसरायला तयार नसतो. मग तो पीळ जातो शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात), गिअरच्या दातांवर. लिव्हर ज्या स्लीव्हला (सरकत्या कडीला) हलवतो ती त्या दाबाखाली चिमटल्यासारखी धरली जाते. तुम्ही कितीही ओढा, ती सुटत नाही. सुटायला नकोच.

गाडी सरळ मागे घेतली की पीळ उलटा उकलतो. तुम्ही ऐकलेला खाडकन आवाज तोच. काका हे जाणून होते, म्हणून लिव्हरशी झटापट न करता आधी गाडी मागे घेत.

पुन्हा अडकला तर आधी सरळ मागे घ्या. नाही सुटला तर एका बाजूची चाकं मातीत किंवा गवतावर उतरवा. तेही जमलं नाही तर पुढच्या एका चाकाचा हब 'फ्री' करा, म्हणजे ती बाजू मोकळी फिरते आणि पुढचा शाफ्ट सैल होतो. डायल घट्ट असेल तर पक्कड लावू नका, प्लॅस्टिकचे कान तुटतात. माझे तुटलेत.

आता माझा एक प्रश्न. पुढचे नवे आणि मागचे घासलेले, हे तुम्ही असं सहज लिहिलंत. साइज तरी चारही एकच आहे ना?

पुतण्या

साइज एकच. बाजूला छापलेले आकडे आत्ताच बॅटरी घेऊन बघून आलो. कंपनी वेगळी आहे.

चिखलतुडव्या

मग खडू घ्या. गाडी सपाट जमिनीवर, चारही टायरमध्ये सारखी हवा. पुढच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथे रेघ, जमिनीवरही रेघ. गाडी ढकलत एक पूर्ण वेढा, पुन्हा रेघ, टेपने अंतर मोजा. मग मागच्या टायरचं तसंच. तुम्ही वळणापेक्षा सरळ रस्त्यावर जास्त चाललात, आणि सरळ रस्त्यावर पीळ भरायला टायरमधलाच फरक लागतो.

पाटाबुश

चिखलतुडव्यांनी पहिलं उत्तर दिलंय, मी थरथरीचं सांगतो. असा थरथराट एकाच वस्तूमुळे क्वचित होतो. बरेच सांधे थोडे थोडे सैल असतात आणि नवा, कडक टायर तो सैलपणा उघडा पाडतो. त्यामुळे टायर टाकल्यावर सुरू झाला असेल तर नवल नाही. फक्त "टायर नवे, म्हणजे टायर कारण नाही" हे बरोबर नाही. बॅलन्सिंग करून घेतलंत का ते आधी बघा.

मग एक माणूस सोबत घ्या. गाडी जमिनीवर उभी, इंजिन बंद. त्याने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडंसंच, झटक्याझटक्याने हलवायचं. तुम्ही खाली पडून एकेक सांधा बघा आणि बोट लावा. टाय रॉड एंड, ड्रॅग लिंकचा एंड (स्टिअरिंगच्या दांड्यांची टोकं), स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा मागाहून हलतो, तिथे खेळ आहे. डोळ्यापेक्षा बोटाला लवकर कळतं.

पुढचं चाक जॅकवर घ्या, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबतच्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग. तरीही राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन. एवढं घरी केलंत तर मिस्त्रीकडे जाताना तुम्हाला माहीत असेल की काय दुखतंय. पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश पण बघा, रबर चिरलं असेल तर एक्सलच जागेवर राहत नाही.

आणि कुणी "स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) टाका, जाईल" म्हटलं तर ऐकू नका. जाईल, पण सैल सांधा तिथेच राहील आणि पुढच्या वेळी थरथर जोरात येईल.

पुतण्या

बॅलन्सिंग केलं नव्हतं. दुकानातला माणूस म्हणाला या गाड्यांना लागत नाही. (आता तुम्ही हसाल.)

पण एक कळत नाही. वळताना चाकं वेगळी फिरतात हे तर आधीपासूनच माहीत होतं, म्हणून तर प्रत्येक एक्सलमध्ये डिफरन्शिअल असतं. मग तिसरं मध्ये टाकायला काय झालं होतं? एवढ्या वर्षांत कुणाला सुचलंच नाही का?

जुनंडबं

सुचलं होतं हो. पण या गाड्या कशासाठी जन्मल्या ते बघा. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना हलक्या टेहळणी गाडीची मागणी पाठवली. पहिला नमुना द्यायला मुदत होती ४९ दिवसांची आणि वजनाची मर्यादा होती साधारण ५९० किलो. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावून आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, गाडी सैन्याच्या कॅम्प होलाबर्ड तळावर पोचवली. ५९० किलोत ती कुणालाच बसवता आली नाही, म्हणून पुढे सैन्याने मर्यादा ९८० किलोवर नेली. विलीस आणि फोर्ड यांनी मग लाखोंनी जीप बनवल्या. जिथे किलोकिलो मोजला जात होता आणि रणांगणावर साध्या शिपायाने दुरुस्त करायची होती, तिथे तिसरं डिफरन्शिअल कोण बसवणार? त्याऐवजी ड्रायव्हरला लिव्हर दिला. विलीसच्या त्या जीपमध्ये जमिनीवर तीन दांडे आहेत: एक गिअरचा, एक पुढचा एक्सल जोडायचा, एक हाय-लोचा (जलद-मंद गिअरचा).

आणि दुसरी गोष्ट लोक विसरतात. मध्ये उघडं डिफरन्शिअल असलं की एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागताच सगळी ताकद तिकडे जाते आणि गाडी उभी राहते. म्हणून त्याला लॉक लागतं, म्हणजे पुन्हा एक दांडा. चिखलासाठी तुमच्या गाडीतली बांधणीच उत्तम. तिला त्रास फक्त डांबराचा.

लँड रोव्हरची गोष्ट मला जास्त आवडते. मॉरिस विल्क्स अँगलसी बेटावरच्या शेतावर युद्धातली जुनी विलीस जीप वापरत, आणि त्यातूनच कल्पना आली. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी दाखवली. स्टीलची टंचाई होती, म्हणून बॉडी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची. तर या पहिल्या गाड्यांत चारही चाकं कायम जोडलेली होती, पण पुढच्या एक्सलच्या वाटेत सायकलसारखं फ्रीव्हील होतं. पुढची चाकं पुढे धावायला लागली की ते त्यांना मोकळं सोडायचं, म्हणजे वळताना पीळ भरायचा नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तेव्हाच काढलं होतं! उतारावर मात्र इंजिन ब्रेकिंग पुढच्या चाकांपर्यंत पोचायचं नाही, म्हणून फ्रीव्हील लॉक करायला जमिनीवर एक कडी ठेवलेली, ती ओढायची. १९५० च्या सुमारास हे सगळं काढून टाकलं आणि साधा लिव्हर आला, तुमच्यासारखा. मधल्या डिफरन्शिअलसकट कायमचं फोर-व्हील पुढे १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये आणि १९७७ च्या लाडा निव्हामध्ये आलं. आणि आजची जिम्नी बघा: शिडीची चासी, दोन्ही आडवे घट्ट एक्सल, लिव्हरने टाकायचं फोर-व्हील. तिच्यातही डांबरावर तुम्ही हाच उद्योग केलात तर हाच खाडकन ऐकू येईल.

गाडी ठेवावी का हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मिस्त्रीच्या बोलण्याने ते डोक्यात आलं असणार. माझ्याकडे अशीच एक पुष्कळ वर्षं आहे. इंजिन-गिअरचं भय धरू नका, ते होतं. चासी बघा. हातोडीच्या टोकाने शिडीच्या पट्ट्या खालून ठोकत जा, विशेषतः पाट्यांच्या शॅकलजवळ आणि जिथे चिखल साचून राहतो तिथे. टणटण आवाज आला तर छान, भदभद आला तर आत गंज आहे. आणि पाण्यातून गेलात तर एक्सलचा ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं छोटं भोक) साफ आहे का बघा. गरम हाउसिंग पाण्यात गार झालं की आतली हवा आकसते. ब्रीदर बुजलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. डिफरन्शिअलचं ऑइल दुधाळ दिसलं की समजा.

पुतण्या

आज सकाळी खडूचा कार्यक्रम केला. शेजारची मुलं ढकलायला होती, त्यांना फार मजा आली. चिखलतुडव्या, तुमचं बरोबर निघालं. पुढचा टायर एका वेढ्यात २२३ सेंमी, मागचा २२०. दोनदा मोजलं. तीन सेंटिमीटरचं मला काही वाटलं नाही, पण मग हिशेब केला: किलोमीटरला साधारण ४५० वेढे, म्हणजे दर किलोमीटरला १३-१४ मीटरचा फरक. आणि मी तीन-चार किलोमीटर आलो होतो.

ब्रेक दाबून बघायची परीक्षाही केली. डाव्या बाजूला खेळ तसाच राहिला. म्हणजे किंगपिन. चासी ठोकली, एका ठिकाणी सोडून सगळीकडे टणटण. ते एक ठिकाण उजव्या बाजूला, मागच्या शॅकलच्या वर, हाताएवढं.

मिस्त्रीला फोन करून सांगितलं, ट्रान्सफर केस नको, किंगपिन बघ. तो दोन सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, काकांनी.

मागचे दोन टायर पुढच्यांसारखेच टाकतोय, चारही बॅलन्स करून. आता एकच राहिलं. मोजतच होतो म्हणून स्टेपनी पण काढून जमिनीवर फिरवली, तर ती २१६ भरली. साइज वेगळीच आहे. काकांनी ती कधी वापरलीच नसेल का, की वापरताना फोर-व्हील टाकलं नसेल?

चिखलतुडव्या

स्टेपनी पुढे लावावी लागली तर ती मागे लावा आणि मागचं चाक पुढे आणा, असं नाही. कुठेही लावली तरी लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं) आणि हब फ्री. पुढे-मागे बांधलेली नसली की ती फक्त एका एक्सलच्या डिफरन्शिअलला त्रास देईल, तोही घरी पोचेपर्यंतच. तीसुद्धा बदला, पाच टायर एकदम घ्या. किंगपिन उघडल्यावर शिम (पातळ चकत्या) किती निघाल्या ते इथे लिहा.