पहिली पूर्ण मॅरेथॉन तोंडावर आली आहे आणि गुडघा दुखतो आहे : मदत हवी आहे

मुळाकाठ

नमस्कार. जानेवारीत मी आयुष्यातली पहिली पूर्ण मॅरेथॉन धावणार आहे. पावसाळ्यापासून सराव नियमित चालू आहे आणि अर्ध मॅरेथॉन यापूर्वी व्यवस्थित पूर्ण केलेली आहे, परंतु गेल्या काही आठवड्यांपासून गुडघा दुखतो. विश्रांती घेतली की दुखणे पूर्णपणे थांबते आणि पुन्हा धावू लागले की परत येते. ज्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवले, त्यांनी एक्स-रे पाहून हाडात काही दोष नसल्याचे सांगितले आणि धावणे बंद करण्याचा सल्ला दिला. मला विचारायचे आहे ते इतकेच, की असा गुडघा घेऊन 42.195 किलोमीटर धावता येईल का, आणि येत असेल तर उरलेल्या आठवड्यांत नेमके काय करावे? "विश्रांती घ्या" हे उत्तर मला आधीच मिळालेले आहे, त्यामुळे कृपया तेवढेच लिहू नये. रविवारी लांब पल्ल्याची धाव ठरलेली आहे, म्हणून उत्तर लवकर मिळाले तर बरे होईल.

रानजाई

तुमची घाई समजते, परंतु "गुडघा दुखतो" एवढ्यावरून कोणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकणार नाही. गुडघ्याच्या समोर, वाटीभोवती दुखते, आतल्या बाजूला दुखते, बाहेरच्या बाजूला की मागे? धाव सुरू करताच दुखते की काही अंतर गेल्यावर? जिना चढताना अधिक त्रास होतो की उतरताना? सूज येते का, गुडघा मध्येच अडकतो का, रात्री झोपेत ठणकतो का? हाडावरच्या एखाद्या ठरावीक ठिकाणी बोट दाबले असता तीव्र कळ येते का? शेवटचे दोन प्रश्न मी मुद्दाम विचारते आहे, कारण अतिताणाने हाडाला गेलेली बारीक चीर पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही आणि तिच्यावर धावत राहणे धोक्याचे असते.

कर्वेनगरकर

बूट किती जुने आहेत, ते आधी सांगा. साधारण 500 ते 800 किलोमीटरनंतर तळव्यातली गादी दबते आणि सगळा मार गुडघ्यावर येतो. माझे गुडघेदुखीचे प्रकरण केवळ बूट बदलून संपले. दुकानात पायाची ठेवण तपासून बूट सुचवतात, तिथे जाऊन यावे. बाकी सर्व गोष्टी नंतर.

मुळाकाठ

बूट नवे आहेत आणि दुखणे जुन्या बुटांतही होते, तेव्हा तो विषय बाजूला ठेवू या. रानजाई, सूज नाही, गुडघा अडकत नाही, रात्री दुखत नाही. दुखते ते बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या किंचित वर. हाडावर कुठे टोचल्यासारखे होत नाही, मात्र त्या बाहेरच्या जागी दाबून गुडघा वाकवला की जाणवते. पहिले काही किलोमीटर काहीच होत नाही, नंतर एका ठरावीक अंतरापाशी सुरू होते आणि मग वाढतच जाते. थांबून चालू लागले की जवळजवळ नाहीसे होते. आता तरी कोणी सांगेल का, की रविवारी धावू की नको?

पायवाट

हे वर्णन आयटी बँडच्या दुखण्याशी बरेच जुळते. आयटी बँड म्हणजे कमरेच्या बाहेरच्या बाजूपासून मांडीवरून खाली येणारा आणि गुडघ्याच्या खाली नडगीच्या हाडाला चिकटणारा जाड तंतुमय पट्टा. गुडघा साधारण 30 अंशांत वाकतो, तेव्हा हा पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो. पूर्वी तेथे घर्षण होते असे मानत. आता पट्ट्याखालच्या संवेदनशील चरबीच्या थरावर दाब येतो, हे स्पष्टीकरण अधिक मान्य आहे. उतारावर आणि फार संथ धावताना पाय नेमका याच कोनाच्या आसपास जास्त वेळ राहतो, म्हणून अशा माणसाला चढ सोसतो आणि उतार सोसत नाही. तुम्ही सराव कोठे करता, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूने धावता? कोणता गुडघा दुखतो, हेही तुम्ही अजून लिहिलेले नाही.

मुळाकाठ

उजवा. आठवड्यातून एकदा वेताळ टेकडी, इतर दिवशी पाषाण-सूस रस्ता, आणि मोठ्या धावा एनडीए रस्त्याच्या बाजूला. टेकडी उतरताना दुखणे सर्वांत आधी सुरू होते, हे खरे आहे. वाहने समोरून दिसावीत म्हणून मी नेहमी रस्त्याच्या उजव्या कडेने धावते. पण बाजूचा आणि गुडघ्याचा संबंध काय?

पायवाट

संबंध असा, की पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना उतरता बांधलेला असतो. सतत उजव्या कडेने धावले की उजवे पाऊल प्रत्येक वेळी खालच्या पातळीवर पडते, कंबर त्या बाजूला कलते आणि बाहेरच्या पट्ट्यावर ताण वाढतो. हेच एकमेव कारण आहे असा माझा दावा नाही, परंतु टेकडीचा उतार आणि रस्त्याची कड या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर उजवाच गुडघा का, याचा उलगडा होतो. रहदारीच्या सुरक्षिततेसाठी कड सोडणे शक्य नसेल, तर सपाट आणि बंदिस्त जागा शोधावी. बालेवाडीच्या क्रीडानगरीतला किंवा सनस मैदानावरचा ट्रॅक मिळत असेल तर उत्तम, फक्त तेथेही एकाच दिशेने वळसे घालत राहू नये.

सातारारोड

इतके शास्त्र मांडून नवशिक्या धावपटूला घाबरवू नये, असे मला वाटते. पुण्यात 1983 पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते आहे आणि सनस मैदानापाशी आम्ही सगळ्या प्रकारची दुखणी घेऊन आलेली माणसे पाहिली आहेत. मॅरेथॉनमध्ये काहीही दुखत नाही असा माणूस भेटत नाही. तीस किलोमीटरनंतर तर सर्वांगच दुखते. सराव मोडू नका, शर्यतीच्या दिवशी निघण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घ्या, आणखी एक खिशात ठेवा आणि मनाचा निर्धार पक्का ठेवा. गुडघ्यावर ताणपट्टी बांधली की काम होते.

तुळस

सातारारोड यांच्याबद्दल आदर ठेवून या सल्ल्याला मी स्पष्ट विरोध नोंदवते. मी मूत्रपिंडाच्या रुग्णांमध्ये काम करते. चार-पाच तास धावताना शरीर रक्त स्नायूंकडे वळवते आणि मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, त्यातच घामाने पाणी कमी झालेले असते. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःचा रक्तप्रवाह ज्या द्रव्यांच्या आधारे सांभाळते, नेमकी तीच द्रव्ये आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या रोखतात. निरोगी धावपटूंचे मूत्रपिंडही यामुळे अडचणीत येऊ शकते. शिवाय या गोळ्या घेऊन गरजेपेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घसरण्याचा धोका वाढतो. मुंबईच्या दमट हवेत धावायचे असेल तर हे विशेष लक्षात घ्यावे. जानेवारी म्हटल्यावर मुंबईचीच शर्यत ना?

मुळाकाठ

होय, मुंबईची. पुण्याची डिसेंबरमध्ये असते, त्यामुळे ते वेगळे लिहावे लागेल असे वाटले नव्हते. गोळी घेणार नाही, हे मी ठरवले आहे. निर्धाराची मला कमतरता नाही, सातारारोड. निर्धाराने जे बिघडू शकते, त्याचीच भीती आहे.

सातारारोड

गोळीविषयीचे म्हणणे मान्य आहे. मूत्रपिंडाची बाजू इतक्या नेमकेपणाने मला कोणी सांगितली नव्हती. परंतु सराव मोडू नये, या मतावर मी ठाम आहे.

शेवंती

ताई, या सर्वांपेक्षा साधा उपाय म्हणजे रोज रात्री महानारायण तेल कोमट करून मांडीपासून पोटरीपर्यंत चोळावे आणि वरून शेक द्यावा. त्याबरोबर आहाराकडेही लक्ष द्यावे. शाकाहारी धावपटूंना प्रथिने कमी पडू शकतात, तेव्हा डाळी, उसळी, ताक आणि नाचणी रोजच्या जेवणात असू द्यावी. लांब धावेच्या आदल्या रात्री तिखट आणि तळलेले टाळावे. शर्यतीच्या सकाळी केळे आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू मला नेहमी चालतो.

कर्वेनगरकर

तेलापेक्षा फोम रोलर, म्हणजे स्नायूंवर फिरवायचा फोमचा घट्ट दंडगोल, घ्या. त्या पट्ट्यावर रोज रोलर फिरवला की तो लांबतो आणि सैल होतो.

रानजाई

तेलाने बरे वाटत असेल तर जरूर लावावे, त्यात हानी नाही. रोलरनेही काही काळ आराम मिळतो. परंतु हा पट्टा इतका चिवट असतो, की रोलर फिरवून तो लांबतो ही समजूत टिकणारी नाही, आणि दुखऱ्या जागेवरच रोलर दाबला तर ज्या थरावर आधीच दाब आहे तो आणखी चिडतो. मूळ दुबळेपणा बहुतेकदा वर, कमरेच्या बाजूच्या स्नायूंत असतो. एका पायावर भार येताच कंबर दुसऱ्या बाजूला झुकते, गुडघा आत वळतो आणि पट्टा ताणला जातो. मुळाकाठ, आरशासमोर उजव्या पायावर उभे राहून गुडघा सावकाश वाकवून पाहा. गुडघा पावलाच्या रेषेत राहतो, की आतल्या बाजूला जातो?

रविवारच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की धावावे, परंतु ठरवलेले अंतर धावू नये. दुखणे ज्या अंतरापाशी सुरू होते त्याच्या बरेच अलीकडे, सपाट जागेवर थांबावे. फिजिओथेरपिस्ट साधारण असा निकष देतात, की वेदना शून्य ते दहाच्या मापात तीनच्या वर जाऊ नये, धावण्याची ढब बदलू नये, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुडघा पूर्ववत झालेला असावा. तिन्ही अटी पाळल्या जात असतील तर पुढच्या वेळी अंतर थोडे वाढवावे. एकही मोडली तर कमी करावे.

सातारारोड

आणि तीस-बत्तीस किलोमीटरची धाव कधी होणार? ती केल्याशिवाय पहिल्या मॅरेथॉनला उभे राहणे योग्य नाही. शर्यतीआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे सराव हळूहळू कमी करायचा असतो, म्हणजे हातात वेळ फारसा नाही.

पायवाट

वेळ कमी आहे हे खरे, परंतु दमसास दोन-तीन आठवड्यांत नाहीसा होत नाही. सायकल चालवून दुखत नसेल तर सायकल, अन्यथा खोल पाण्यात तरंगपट्टा बांधून धावल्यासारख्या हालचाली, यांनी हृदय आणि फुप्फुसांची तयारी बरीचशी टिकते. टिकत नाही ती पायांची, दीर्घकाळ आपटण्याची सवय. म्हणून धावणे पूर्ण बंद करू नये आणि दुखणे अंगावर काढूनही धावू नये. सातारारोड यांची मोठ्या धावेविषयीची काळजी रास्त आहे, मात्र ती धाव व्हायला हवी ती गुडघ्याने परवानगी दिल्यावर.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आरशासमोर पाहिले. डाव्या पायावर गुडघा सरळ राहतो, उजव्या पायावर तो आत वळतो, इतका की घरच्यांनाही दिसला. त्यानंतर धावपटूंना तपासणाऱ्या एका फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आले. त्यांनी पायरीवरून एका पायाने खाली उतरायला लावले, बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवून गुडघा वाकवला आणि आयटी बँडचेच दुखणे असल्याचे सांगितले. त्यांनी टेकडीचे उतार पूर्ण बंद केले आहेत. एका कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, पायरीवरून एका पायाने अगदी सावकाश खाली येणे आणि पायांना रबरी पट्टा लावून बाजूला चालणे, असे व्यायाम दिले आहेत. धावताना पावले किंचित छोटी आणि अधिक वेगाने टाकायला सांगितले आहे. शर्यतीचा निर्णय तीन आठवड्यांनी, सपाट रस्त्यावरची लांब धाव कशी होते ते पाहून घ्यायचा आहे. तोपर्यंत होय किंवा नाही म्हणायला त्यांनी नकार दिला, आणि मला ते पटले.

एक प्रश्न मात्र राहिला आहे. मुंबईच्या मार्गावर शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो, असे सगळेच सांगतात. चढाची मला चिंता नाही. त्यानंतरच्या उताराचे काय करायचे?

कर्वेनगरकर

मी तो मार्ग धावलो आहे. हाजी अलीनंतर चढ लागतो आणि माथा ओलांडला की केम्प्स कॉर्नरकडून चौपाटीच्या दिशेने रस्ता खाली येतो. थकलेली माणसे तेथे लांब ढांगा टाकत सुटतात, कारण चढ संपल्याचा आनंद असतो. तुम्ही तसे करू नका. पावले छोटी ठेवा, शरीर मागे झुकवून ब्रेक लावू नका, आणि रस्ता बंद असल्यामुळे कडेला न जाता मध्यभागी राहा, म्हणजे कडेचा कलही टळेल.

रानजाई

त्यात एवढीच भर घालते, की तो उतार चालत उतरण्याचे आधीच ठरवून ठेवावे. त्यात वेळ फार जात नाही आणि पुढे मरीन ड्राइव्हचा सपाट भाग शिल्लक असतो. आणि तीन आठवड्यांनंतरच्या लांब धावेत गुडघ्याने नकार दिला, तर नाव मागे घेण्याविषयी आयोजकांचे नियम काय आहेत, ते आजच वाचून ठेवा. आपला क्रमांक दुसऱ्याला देऊन धावायला लावणे बहुतेक शर्यतींत मान्य नसते.

मुळाकाठ

नियम आज रात्री वाचते. या रविवारी एनडीए रस्ता रद्द केला आहे. बालेवाडीच्या ट्रॅकवर सकाळी सर्वसामान्यांना प्रवेश कोणत्या वेळेत मिळतो आणि त्यासाठी पास काढावा लागतो का, हे कोणाला ठाऊक असेल तर शनिवारपूर्वी कळवावे.