रात्री हळू आवाजात ट्यूब ॲम्पचा टोन कसा सांभाळायचा?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १५ वॉटचा ट्यूब ॲम्प आहे, १२ इंची एकच स्पीकर. घरात तान्हं बाळ, खालच्या मजल्यावर म्हातारं जोडपं, आणि मला गिटार हातात घ्यायला वेळ मिळतो तो सगळे झोपल्यावर. व्हॉल्यूम १ च्याही खाली ठेवला की कुणाची झोप मोडत नाही, पण आवाज पातळ आणि कोरडा येतो. तोच ५ वर नेला की अंगावर काटा येतो. डिस्टॉर्शन पेडल ऑडिओ इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) जोडून हेडफोनवर ऐकून पाहिलं, तर कानात करवत चालल्यासारखं वाटतं. आता काय करू? छोटा ॲम्प, ॲटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून पॉवर कमी करणारा डबा), की सरळ कॉम्प्युटर? मी क्रंच रिदम (हलक्या फाटलेल्या आवाजातल्या कॉर्ड) आणि थोडं ब्लूज वाजवतो.

सहावी_फ्रेट:
१ वॉटचा ट्यूब ॲम्प घ्या, पूर्ण फिरवा, विषय संपला.

खर्जातली:
सहावी_फ्रेट, बाळ झोपलेल्या घरात नाही संपणार. पॉवर दहापट कमी केली तर पातळी १० डेसिबलने उतरते, म्हणजे कानाला आवाज जेमतेम निम्मा वाटतो. बरेच गिटार स्पीकर १ वॉटवर एक मीटर अंतरावरून ९७ ते १०० डेसिबल देतात. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. १ वॉटचा ॲम्प पूर्ण उघडला तर खालचे आजी-आजोबा उठून बसतील.

रात्रपाळी, तुमचा टोन तीन ठिकाणी हरवतोय. पहिलं, ट्यूब ॲम्पच्या पॉवर सेक्शनवर हळू आवाजात पुरेसा जोर पडतच नाही, त्यामुळे ते दाबलेलं, भरलेलं कॉम्प्रेशन येत नाही. दुसरं, स्पीकरचा कोन जोरात हलत नाही. तिसरा आपला कान, आणि त्याला सगळे विसरतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की आवाज हळू झाला की आपल्याला खालचे स्वर बरेच कमी ऐकू येतात, अगदी वरचेही काहीसे. ॲटेन्युएटर पहिलं दुखणं बरं करतो, उरलेली दोन नाही. म्हणून ‘ॲटेन्युएटर घेतला तरी मजा नाही’ अशी तक्रार इतकी ऐकू येते.

हेडफोनवरच्या करवतीचं कारण मात्र सोपं आहे. तुमच्या साखळीत स्पीकरच नाही! गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो आणि डिस्टॉर्शनची सगळी किरकिर तिथेच असते. हेडफोन ती जशीच्या तशी कानात ओततो. पेडलनंतर ॲम्प मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरमधली ॲम्पची नक्कल, आणि त्यानंतर कॅबिनेटचा आयआर लावा, म्हणजे खऱ्या कॅबिनेटची आणि माइकची नोंदलेली छाप. अशी नक्कल चालवणारं न्यूरल ॲम्प मॉडेलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आयआरही ढिगाने फुकट मिळतात. त्यात लावायचं कॅप्चर (खऱ्या ॲम्पवरून बनवलेली नक्कल) पूर्ण रिगचं, म्हणजे कॅबिनेटसकट असेल तर वेगळा आयआर लावू नका. दोन कॅबिनेट एकामागे एक आले की उशीखालून वाजवल्यासारखं गुदमरतं.

रात्रपाळी:
ताई, आत्ताच लावून बघितलं. करवत गेली! पण आवाज थेट डोक्याच्या मधोमध बसतो, समोरून येत नाही. आणि बोटं पुढे, सूर मागे असं किंचित वाटतं.

खर्जातली:
आयआर बहुतेक माइक स्पीकरला चिकटवून घेतलेले असतात, खोली त्यात नसतेच. शेवटी छोट्या खोलीचा रिव्हर्ब अगदी थोडा द्या, जाणवेल न जाणवेल इतकाच. सूर मागे पडतो तो बफरमुळे, म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा थोडा थोडा तुकडा साठवून मग पुढे सोडतो त्यामुळे. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात आवाज हवेत जवळजवळ एक मीटर जातो. जाऊन-येऊन एकूण १० च्या आत राहिलं तर हाताला अडत नाही. इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंट बटन दाबलेलं आहे ना? लाइन इनपुटवर पिकअपचा वरचा चमचमाट मरतो.

आणि गेन (डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब) कमी करा. हळू आवाजात गिटार दुबळी वाटते, म्हणून हात आपसूक गेनकडे जातो आणि उरलासुरला पिकचा घाव पण पुसला जातो. ॲम्प मॉडेल क्रंचच्या उंबरठ्यावर ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम ७ वर. लीडला १० करा. ब्लूजमध्ये कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी, माझा जीव त्यातच अडकलेला असतो.

लाकडी_पेटी:
स्पीकरवरच वाजवायचं असेल तर ॲम्प जमिनीवरून उचला. खालच्या घरात जास्त जातो तो खर्ज, आणि तो फरशीतूनही उतरतो. खाली जाड फोम, वर स्टँड, तोंड कानाकडे वळवलेलं. पायाशी ठेवलेल्या ॲम्पचा तिखटपणा गुडघ्याजवळून निघून जातो आणि आपण उगाच ट्रेबल वाढवतो.

रात्रपाळी:
पण कान खर्ज कमी ऐकतो म्हणून बेस वाढवायचा, आणि शेजाऱ्यांसाठी कमी करायचा, हे जमायचं कसं?

खर्जातली:
दोन सेटिंग ठेवा. हेडफोनवर बेस मोकळा सोडा, तिथे कुणाला त्रास नाही. स्पीकरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा. सहावी तार मोकळी ८२ वर वाजते, तरी तिचे वरचे हार्मोनिक्स शाबूत असल्याने ती ओळखू येते. हळू आवाजात बनवलेला प्रीसेट बँडसोबत तसाच वाजवू नका, तिथे तो घुमेल आणि टोचेल. तिसरा वेगळा बनवा.

ट्यूब ॲम्पच लागणार असेल तर रिॲक्टिव्ह लोड बॉक्स बघा. तो स्पीकरसारखा वागतो, आणि त्याच्या लाइन आउटवरून आयआरपर्यंत जाता येतं. फक्त स्पीकरची वायर काढून, काहीही न जोडता ॲम्प चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. लोडचे ओहम ॲम्पच्या मागे लिहिलेल्या ओहमशी जुळवून घ्या, आणि मध्ये गिटारची केबल नको, स्पीकरचीच केबल वापरा.