मदत हवी आहे: तीन खोल्या, चार माणसं, भाडं कसं वाटायचं?

आम्ही तिघं मित्र भाड्याच्या घरात एकेका खोलीत राहतो. आतापर्यंत भाड्याचे सरळ तीन भाग करायचो. माझी खोली सगळ्यात लहान, पण मित्रांत कुठे फूटपट्टी लावायची म्हणून गप्प होतो. आता मोठ्या खोलीतल्या मित्राचं लग्न झालंय आणि वहिनीही राहायला आल्यात.

तो म्हणतो, "आम्ही खोली एकच वापरतो, मग भाडं का वाढावं?" मधल्या खोलीतल्याचं म्हणणं, माणशी वाटू. म्हणजे निम्मं भाडं त्या दोघांवर. तेही मला जरा जास्तच वाटतं.

शेवटी टेप घेऊन घर मोजलं (हसू नका). खोल्या 150, 120 आणि 90 चौरस फूट. हॉल, स्वयंपाकघर, पॅसेज मिळून 360. म्हणजे निम्मी जागा ज्याची त्याची, निम्मी सगळ्यांची. सगळ्यांच्या जागेचं भाडं माणशी आणि खोल्यांचं आकारानुसार धरलं, तर मोठ्या खोलीला 45.8 टक्के, मधलीला 29.2 आणि मला 25 येतात. माणशी वाटलं तरी मला 25च, त्यामुळे यात माझा स्वार्थ काढू नका.

घोडं अडलंय बाथरूमपाशी. मोठ्या खोलीला स्वतंत्र आहे, ते मी मोजलेलंच नाही. त्याचे किती धरायचे? वीज-पाणी माणशी, त्यावर वाद नाही.

प्रतिसाद १: बाथरूमचे फूट मोजून उपयोग नाही, सोय फुटांत मावत नाही. खोल्यांच्या वाट्याचं जे निम्मं भाडं आहे, ते तिन्ही खोल्यांवर कसं विभागाल हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहा. जोडप्याची चिठ्ठी एकच. बाथरूमची किंमत त्यातच कळेल. फ्रान्सिस सू या गणितज्ञाने 1999 मध्ये दाखवलंय की काही साध्या अटी पाळल्या तर खोल्यांचे असे भाव निघतातच, ज्यात कुणाला दुसऱ्याच्या खोलीचा हेवा वाटत नाही.

प्रतिसाद २: वहिनींचं नाव करारात आहे का? आधी मालकाला विचारा. आणि करार तिघांचा एकत्र असेल, तर एकाने थकवलेलं भाडं मालक सहसा उरलेल्यांकडे मागू शकतो. तुमचे टक्के घरातल्या घरात.

धागाकर्ता: नाव नाहीये, उद्याच मालकाशी बोलतो. चिठ्ठ्या आज रात्री. माझ्या खोलीपुढे सगळ्यांनी शून्य लिहिलं, तर खूश व्हायचं की वाईट वाटून घ्यायचं?