गिअरआधी सीट बघा
पुण्यातल्या चांदणी चौकाचा चढ गिअरच्या सायकलशिवाय जमणारच नाही, असं काही जण म्हणतात. गिअरने फरक पडतो हे खरंच, पण नवी सायकल घ्यायच्या आधी आहे तिची सीट तपासा. मी दोन वर्षं कोथरूडहून बावधनला गुडघे चोळत जात होतो. शेवटी पंक्चरवाल्या काकांनीच ओळखलं, की सीट फार खाली आहे. भिंतीला हात टेकवून मला सायकलवर बसवलं, पेडल पार खाली, त्यावर टाच, आणि पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, तेवढाच हवा.

सीट वर घेतली की सिग्नलला पाय जमिनीला पुरत नाही, तेव्हा थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. चार दिवसांत सवय होते. माझं गुडघ्याचं दुखणं महिन्याभरात थांबलं. आणि हो, सीटच्या दांड्यावर एक आडवी खूण असते, ती नळीच्या आतच राहू द्या.