वाळूसर जमिनीत बटाट्याला खत कसं द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात गोदाकाठी आमचं दीड एकराचं वाळूसर रान आहे. द्राक्ष-कांद्याच्या भागात बटाटा कशाला, असं घरचेही म्हणतात, पण या रानात कांदा नीट पोसत नाही.

मागच्या रब्बीत कुफरी पुखराज हा बटाट्याचा वाण लावला. लागवडीलाच १०:२६:२६ (नत्र-स्फुरद-पालाशचं मिश्र खत) आणि जवळजवळ सगळा युरिया टाकला, वर पाटाने भरपूर पाणी. महिनाभर पीक हिरवंगार, मग खालची पानं पिवळी पडली. काढणीला निम्मे बटाटे लिंबाएवढे निघाले. फार वाईट वाटलं. नत्र पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून गेलं, असं आता कळतंय.

यंदा कुजलेलं शेणखत आणि ठिबक नक्की. नत्र हप्त्याहप्त्याने सोडणार, पण मातीची भर लावल्यानंतर किती दिवसांनी थांबवायचं? उशिरा दिलं तर पाला माजतो आणि साल कच्ची राहते ना?

दुसरं, पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यातल्या क्लोराइडमुळे बटाट्यातला कोरडा अंश घटतो. सल्फेट ऑफ पोटॅशमधून गंधकही मिळतं. एवढा जादा खर्च वसूल होतो का?

हलक्या रानात बटाटा काढलेल्यांनी आपलं खतांचं वेळापत्रक जरूर सांगा. माती परीक्षणाचा अहवाल आला की इथेच टाकतो.