मुंबईच्या ब्रॉडकास्ट इंडिया प्रदर्शनाला जावे का?

प्रश्न (खानापूर): लग्नसमारंभ आणि गणेशोत्सवाचे चित्रीकरण करणारा आमचा छोटा स्टुडिओ आहे. नवा कॅमेरा आणि संकलनाचे सॉफ्टवेअर निवडायचे असून, त्यासाठी बेळगावहून मुंबईपर्यंत, ब्रॉडकास्ट इंडिया या चित्रीकरण व प्रसारण उपकरणांच्या प्रदर्शनाला, जाणे योग्य ठरेल का, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (निपाणी): जरूर जावे, मात्र खरेदीसाठी नव्हे, तर पारखण्यासाठी. प्रदर्शनातील स्टॉलवर प्रकाश इतका भरपूर असतो की, रात्रीच्या मिरवणुकीत कॅमेरा कसा वागेल हे तेथे मुळीच कळत नाही. म्हणून स्वतःचे मेमरी कार्ड न्यावे, स्टॉलवाल्यांच्या परवानगीने थोडे चित्रीकरण करावे आणि त्या फाइल्स घरी आपल्याच संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण १०-बिट ४:२:२ एच.२६५ (रंगांचे जास्त तपशील असलेल्या, पण खूप दाबून लहान केलेल्या) फाइल्स जुन्या संगणकावर अडखळतात आणि मग कॅमेऱ्यापेक्षा संगणकाचाच खर्च वाढतो. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती जाण्यापूर्वीच वापरून पाहावी, म्हणजे तेथील तज्ज्ञांना नेमके प्रश्न विचारता येतील.

उत्तर (बेळगाव): दादांशी सहमत आहे. एक भर घालतो: मुंबईत खरेदी केलीच, तर बिलावर आपला कर्नाटकातील जीएसटी क्रमांक नोंदवून घ्यावा, अन्यथा भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. दुरुस्ती केंद्र हुबळीत आहे की थेट बेंगळुरूला, हेही विचारावे. ऐन हंगामात कॅमेरा महिनाभर अडकला, तर सवलतीचे कौतुक कोणाला?

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कार्ड आणि प्रश्नांची यादी घेऊनच निघेन.