मदत हवी आहे: परदेशी अतिराष्ट्रवादी गटांना दहशतवादी ठरवण्याबद्दल

नमस्कार मंडळी. वादविवादासाठी या विषयाच्या बाजूने टिपण लिहायचं आहे. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये 'रशियन इम्पीरियल मूव्हमेंट' या रशियातल्या अतिराष्ट्रवादी गटावर बंधनं घातली, पण अल-कायदा ज्या 'परदेशी दहशतवादी संघटना' यादीत आहे, तिच्यात हा गट घातला नाही. दोन याद्या कशासाठी?

प्रतिसाद १
कायदेच दोन आहेत. रशियन गटावरची कारवाई अध्यक्षीय आदेश १३२२४ खाली झाली. त्यात व्यक्तींनाही घेता येतं, म्हणून गटाबरोबर तीन म्होरक्यांची नावंही आली. अमेरिकेतली मालमत्ता गोठते, व्यवहार बंद होतात. दुसरी यादी स्थलांतर कायद्याच्या कलम २१९ ची. तिथे संघटना परदेशी हवी, दहशतवादी कृत्यं करणारी किंवा तशी क्षमता आणि इरादा असलेली हवी, शिवाय अमेरिकी नागरिकांना किंवा देशाच्या सुरक्षेला तिचा धोका हवा. घोषणेच्या ७ दिवस आधी संसदेला कळवायचं, मग राजपत्र. त्यानंतर ३० दिवसांत संघटनेला वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात जाता येतं.

'आदेश १३२२४ च्या यादीला तुरुंगवास नाही' असं कृपया लिहू नका. निर्बंध मोडले तर २० वर्षांपर्यंत कैद आहे. फरक सिद्धतेत आहे. तिथे बेकायदा आहे हे ठाऊक असून केलं, हे दाखवावं लागतं. कलम २१९ च्या यादीत, संघटना यादीत आहे हे माहीत असताना पैसा, प्रशिक्षण किंवा माणूस पुरवला की गुन्हा झाला.

प्रतिसाद २
टिपणाचा कणा स्वीडनचं प्रकरण ठेवा. २०१६ मध्ये दोन स्वीडिश तरुणांनी सेंट पीटर्सबर्गला या गटाकडे प्रशिक्षण घेतलं आणि नंतर गोथेनबर्गमध्ये बॉम्ब ठेवले, त्यातले दोन निर्वासितांच्या निवासांजवळ. प्रशिक्षण, प्रवास, स्फोट अशी साखळी जुळते. नुसत्या घोषणा, झेंडे आणि सलामीवर गटाला दहशतवादी ठरवण्याची मागणी उभी केलीत तर समोरचा अभिव्यक्तिस्वातंत्र्य काढेल, आणि ते रास्तच आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. गटाने नाव बदललं तर?

प्रतिसाद २
हीच खरी पळवाट. ब्रिटनने डिसेंबर २०१६ मध्ये 'नॅशनल अ‍ॅक्शन' या नवनाझी गटावर बंदी घातली. 'स्कॉटिश डॉन' आणि 'एनएस १३१' ही त्याच गटाची नावं असल्याचा आदेश सप्टेंबर २०१७ मध्ये काढावा लागला. तेव्हा मागणीत टोपणनावं जोडण्याची तरतूद वेगळी लिहा.